भाऊजींनी खरंच पाठ फिरवली होती का?

चिपळूणच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते:

"ताई, २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा हे लोट्याला, एमआयडीसीत नाइट शिफ्टला होते. घरात मी, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं आणि बघता बघता कमरेला आलं. आम्ही माळ्यावर चढलो. तो अख्खा दिवस आणि पुढची रात्र तिथेच काढली. गल्लीपलीकडे थोरल्या दिरांचा दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक आहे. मला स्वच्छ आठवतं, ते गॅलरीत आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत वळले आणि खिडकी लावून घेतली. मी हाका मारत होते. ते म्हणतात, तुमचा माळा पत्र्यांमुळे दिसतच नव्हता, मीच दिवसभर हाका मारत होतो. सासूबाईंना खिडकीचं काही आठवत नाही. हे म्हणतात, पहिल्या वर्षी तू हे कधी बोललीच नव्हतीस. बोटीत कसे बसलो ते मला अजिबात आठवत नाही, पण घरात पाण्यावर भिंतींना आपटत फिरणारा सिलिंडर आत्ता समोर असल्यासारखा दिसतो. तेव्हापासून कुणावर विश्वासच बसत नाही. हे गप्प बसले की वाटतं, हेही सोडून जातील. दुकानदार, शाळेतल्या बाई, शेजारणी, सगळ्यांच्या तोंडावर मला गॅलरीतला तोच चेहरा दिसतो. आता पुतणीचं लग्न ठरलंय. जाऊबाई म्हणाल्या, 'हिला एकदा रत्नागिरीला दाखवून आणा.' मी खोटं आठवतेय का? वेडी झालेय का? लग्नाला जाऊ की नको? माळ्यावर चढताना सासूबाईंचा हात एकदा माझ्या हातून सुटला होता, पण त्या वाचल्या, देवाची कृपा."

तुम्ही वेड्या नाही आहात. आणि खोटंही बोलत नाही आहात. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं एखादं वाक्य वेगळं काढून घरात कुणी तुमच्यावरच उलटवू नये.

खिडकी लागली की नाही, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या घरातलंही कुणी आता छातीठोकपणे सांगू शकेल असं मला वाटत नाही. पण पत्र वाचताना मला जाणवलं ते असं, की या एका प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय तुमच्या दुःखाकडे बघायलाच कुणी तयार नाही. खिडकी लागली असेल तर तुमचं दुःख खरं, नसेल तर सगळा मनाचा खेळ, असा हिशेब मांडून ठेवलाय. तो हिशेबच चुकीचा आहे. लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन तुम्ही दिवस-रात्र पाण्यावर बसून होतात आणि कुणी आलं नाही. एवढं कुणालाच नाकारता येत नाही, आणि माणूस हादरायला एवढं पुरे आहे.

आता आठवणीबद्दल. जीवावर बेततं तेव्हा मेंदू सगळं सारखं टिपत बसत नाही. ज्यातून मरण येऊ शकतं, त्यावर सगळं लक्ष एकवटतं आणि बाकीचं निसटतं. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग धोका ओळखतो, शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं उसळतात, आणि त्या क्षणी जे डोळ्यांसमोर असेल ते खोल कोरलं जातं. पण कशानंतर काय झालं, कोण कुठे होतं, मध्ये किती वेळ गेला, हे सगळं एका धाग्यात ओवायचं काम मेंदूतलाच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो आणि अतिताणाखाली त्याचं काम विस्कटतं. म्हणून सिलिंडर तुम्हाला आज दिसतो तसा दिसतो. तो भिंतीवर आपटत होता आणि फुटला असता तर तिघी गेल्या असतात. बोटीत बसलात तेव्हा मरण टळलं होतं, अंगात त्राण उरलं नव्हतं, झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं. ते निसटलं. सुटकेचाच क्षण आठवत नाही याची तुम्हाला भीती वाटते, पण आघातातून गेलेल्या माणसांमध्ये असं वरचेवर आढळतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, जी लक्षणं नव्यानं मांडली त्यांत 'घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं' हे स्पष्टपणे नोंदलेलं आहे. त्याच गटात आणखी एक लक्षण आहे: 'कुणावरच विश्वास ठेवता येत नाही' अशी घट्ट बसलेली समजूत. तुमच्या पत्रातल्या या दोन तक्रारी तुम्हाला वेगवेगळ्या वाटत असतील. त्यांचं मूळ एक आहे.

तुमचे यजमान म्हणतात, पहिल्या वर्षी तू हे बोलली नव्हतीस. ते हे पुरावा म्हणून म्हणतात आणि तुम्हाला ते आरोपासारखं लागतं. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ अमेरिकन सैनिकांना संशोधकांनी परतल्यावर महिन्याभरानं विचारलं की तिथे तुमच्यासोबत काय काय घडलं, आणि दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. जिवाला धोका झाला का, कुणाला मरताना पाहिलं का, असे साधे हो-नाहीचे प्रश्न होते. ८८ टक्के सैनिकांचं निदान एक तरी उत्तर बदललं. पहिल्यांदा न सांगितलेल्या गोष्टी अनेकांना दुसऱ्यांदा 'आठवल्या', तर काहींना आधी सांगितलेल्या आठवेनाशा झाल्या. आणि ज्यांना दोन वर्षांनी त्रास जास्त होता, त्यांची आठवण जास्त वाढलेली होती. हे सैनिक खोटं बोलत नव्हते. आठवण दर वेळी नव्यानं जुळवली जाते. आज मनाला जे सोसावं लागतंय ते त्या जुळवणीत मिसळतं. जिथे जागा रिकामी असते तिथे नंतर ऐकलेलं, नंतर विचारलेलं, नंतर वाटलेलं येऊन बसतं, आणि बसलं की ते डोळ्यांनी पाहिल्याइतकंच खरं वाटतं.

पुरानंतर घराघरांत काय चाललं ते आठवा. चिखल उपसणं, पंचनामे, मदतीच्या याद्या, कुणाला किती मिळालं यावरून कुरबुरी. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, 'दीर समोरच राहतात ना? मग ते कुठे होते?' हा प्रश्न तुम्हाला किती वेळा विचारला गेला असेल, आणि तुम्ही स्वतःला किती वेळा विचारला असेल! उत्तर नव्हतं, कारण त्या दिवशी तुमचं लक्ष पाण्यावर होतं. असा प्रश्न फार काळ उघडा राहिला, की मन त्याला स्वतःच उत्तर देतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असं मी म्हणत नाही. होऊ शकतं, एवढंच म्हणते.

आणखी एक गोष्ट, चेहऱ्याबद्दल. अमेरिकन लष्कराच्या एका प्रशिक्षणात सैनिकांना खोट्या युद्धकैदेत ठेवून अत्यंत कठोर चौकशीला सामोरं जावं लागतं. चार्ल्स मॉर्गन या मानसोपचारतज्ज्ञांनी पाचशेहून जास्त सैनिकांचा अभ्यास करून २००४ साली एक निष्कर्ष मांडला. चौकशी करणारा माणूस अर्धा तासाहून जास्त वेळ समोरासमोर, उजेडात बसलेला होता. तरी एका दिवसानंतर काही जणांना रांगेत उभं करून 'यातला तो कोण' असं विचारल्यावर, कडक चौकशी झालेल्यांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं बरोबर माणूस ओळखला. सौम्य चौकशी झालेल्यांनी त्याच्या दुप्पट प्रमाणात ओळखला. हे तरुण, धडधाकट, तयारीतले सैनिक होते. तुम्ही गल्लीच्या पलीकडे, धो धो पावसात, वीज गेलेली असताना, पत्र्यांच्या फटीतून एका माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव पाहिल्याचं सांगता. गॅलरीत कुणीतरी होतं हे दिसू शकतं. तो वळला हेही दिसू शकतं. पण त्यानं तुम्हाला पाहिलं होतं, तुमची हाक त्याला ऐकू गेली होती आणि ती ऐकून तो वळला, हे तुम्हाला तिथून कळणं शक्य नव्हतं. त्या पाण्याच्या आवाजात शेजारी बसलेल्या सासूबाईंचं तरी नीट ऐकू येत होतं का?

हे सगळं वाचून भाऊजी निर्दोष ठरले असं कुणी समजू नये. आघाताची आठवण म्हणजे चुकीचीच आठवण, हा उलट्या बाजूचा तितकाच मोठा गैरसमज आहे. मुख्य घटना माणसं बहुतेक वेळा बरोबरच सांगतात, गोंधळ होतो तो कडेच्या तपशिलांत, क्रमात आणि दुसऱ्याच्या मनात काय होतं याच्या अर्थात. भाऊजींची आठवणही त्याच दिवसाची आहे, त्याच भीतीतली. 'मी दिवसभर हाका मारत होतो' हेही पुढे मनानं जुळवलेलं असू शकतं, कारण तसं असावं असं त्यांनाही वाटत असणार. पोहता येत नसलेला माणूस दोन पुरुष पाण्याकडे बघून आत वळला असेल, तर तो वळताना काय वाटलं हे तो घरात उघड सांगू शकलेला नाही. अशी माणसं फार असतात.

आता तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, 'देवाची कृपा' म्हणून मिटवून टाकलेल्या वाक्याकडे येते. सासूबाईंचा हात सुटला होता.

माझ्या मते पत्राचा खरा भार इथे आहे. खिडकीबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत, आणि हे एका ओळीत. कमरेएवढ्या पाण्यात, एका हातानं लेकीला धरून, एक बाई दुसऱ्या हातानं म्हाताऱ्या माणसाला शिडीवर ओढत होती. हात सुटणारच. तुम्ही तो पुन्हा धरलात म्हणून त्या आज आहेत. पण त्या एका क्षणात तुम्हाला काय वाटलं असेल? 'आता कुणाला धरू?' हा प्रश्न कुणाही आईच्या मनात लखकन येऊन जातो, आणि मग ती आयुष्यभर स्वतःला त्याची शिक्षा देत राहते. हात सोडून देणारं माणूस कोण, हा प्रश्न स्वतःकडे वळू नये म्हणून मन तो दुसऱ्या कुणाकडे वळवतं. गॅलरीतली पाठ त्या प्रश्नाला सोयीची पडली असेल. माझा हा अंदाज चुकूही शकतो. पण सासूबाईंशी या विषयावर तुम्ही कधी बोलला आहात का? तुम्ही दोघीच, घरात कुणी नसताना? मला वाटतं, तुमच्या घरात खिडकीच्या शंभर चर्चा झाल्या असतील आणि हाताबद्दल एकही नाही. त्यांना जाऊन सांगा, 'आई, माझ्याकडून तेव्हा हात सुटला.' त्या काय म्हणतील ते मी लिहीत नाही. ते तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

आज दिसणाऱ्या चेहऱ्यांबद्दल आता. विस्कॉन्सिन विद्यापीठातले सेथ पोलॅक यांनी घरात मारहाण सोसलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. साध्या चेहऱ्यावर हळूहळू राग उमटत जाणारी चित्रं त्यांना दाखवली. इतर मुलांना राग दिसायच्या कितीतरी आधी, अगदी पुसट खुणेवरून, या मुलांना राग दिसायचा. त्यांची नजर बिघडलेली नव्हती. त्यांच्या घरात ती नजर उपयोगाची होती, कारण बापाच्या भुवईची पहिली हालचाल ओळखणारं मूल वेळेत पळून जाऊ शकायचं. अडचण अशी की शाळेत, मैदानावर, जिथे कुणी मारणार नसतं, तिथेही तीच नजर चालू राहते. तुम्ही मोठ्या आहात, तुमची परिस्थिती वेगळी आहे, पण जात तीच. तुमच्या मनानं शिकून ठेवलंय की माणसं ऐन वेळी आत वळतात. मग यजमान कामावरून दमून येऊन गप्प बसले तरी मन आधी तेच वाचतं. शाळेतल्या बाई घड्याळ बघत बोलल्या की तेच. आणि तुम्ही सावध, तुटक झालात की समोरचाही तुटक होतो, मग मन म्हणतं, बघ, म्हटलं होतं ना.

इथे तुम्हाला एक सवय लावून घ्यायला सांगेन. एखाद्याच्या चेहऱ्यानं मनात धस्स झालं, की वहीत आधी फक्त दिसलं-ऐकलं ते लिहा: 'हे अर्धा तास बोलले नाहीत.' मग खाली, मला काय वाटलं: 'कंटाळलेत मला.' आणि मग विचारा. खरंच तोंडानं विचारा, 'गप्प आहात, काय झालंय?' मिळालेलं उत्तर त्याच पानावर लिहा. सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटेल. काही आठवडे चिकाटीनं केलंत तर तुमच्या अंदाजातले किती बरोबर निघाले, किती चुकले, हे तुमच्याच अक्षरात समोर येईल. काही बरोबरही निघतील. तेही लिहा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांच्यासाठी माझं म्हणणं थोडक्यात: तुम्ही साक्षीपुरावे तपासणं थांबवा. 'तसं झालंच नव्हतं' म्हणू नका, आणि शांतता राहावी म्हणून 'हो, दादा तसाच आहे' असंही म्हणू नका. तुम्ही तिथे नव्हतात. रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते, तुम्ही लोट्याला अडकून पडलात, यात तुमचा दोष नाही. पण 'तू एकटी होतीस आणि मी तिथे नव्हतो' हे वाक्य तुम्ही त्यांना कधी म्हटलंय का? आघातानंतर माणूस सावरेल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये भोवतालच्या माणसांचा आधार फार वरच्या जागी आहे, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. कधीकधी मूळ घटनेइतकंच वजन त्याला असतं. आणि 'रत्नागिरीला दाखवा' हे टोमणा म्हणून घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही, याची जबाबदारी तुमची.

कारण दाखवायला तर हवंच. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, आणि त्यामुळे कोकणात कितीतरी माणसं उपचाराशिवाय कुढत राहतात. मला याचा मनापासून राग येतो. तिथला बाह्यरुग्ण विभाग म्हणजे कुणाला कोंडून ठेवायची जागा नाही, केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं आणि घरी परत यायचं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. तेवढं पाऊल आत्ता उचलवत नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. 'नकोच हे जगणं' असं कधी वाटलं, तर दिवस-रात्र न बघता तिथे फोन करायचा.

आघातावर नेमके काम करणारे उपचार आहेत. आघातकेंद्री वर्तनोपचार हा एक, डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारा ईएमडीआर हा दुसरा. त्यांत सुरक्षित जागी, तुमच्या गतीनं, त्या दिवसाकडे पुन्हा बघायला शिकवतात, म्हणजे सिलिंडर 'आत्ता' आपटत न राहता '२०२१ साली आपटत होता' असा मागे सरकतो. औषध लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. एकच जपा: कुणी म्हणालं की संमोहनानं तुमची खरी आठवण बाहेर काढून देतो, तर तिथून निघा. संमोहनानं आठवणीबद्दलची खात्री वाढते, अचूकपणा वाढत नाही.

पावसाळ्यात नगरपालिकेचा भोंगा झाला की छातीत धडधडतं, असंही तुम्ही लिहिलं होतं. ते मी आजारात मोजत नाही. २००५ च्या २६ जुलैलाही तुमच्या गावानं पूर पाहिलाय, आणि वाशिष्ठी नदी तिथेच आहे. कागदपत्रांची पिशवी वर ठेवा, लेकीला घेऊन कुठे जायचं ते उन्हाळ्यातच ठरवा, सासूबाईंना आधी हलवायचं हेही ठरवा. नदीबद्दल जितकी पक्की तयारी असेल, तितकं माणसांकडे संशयानं बघत पहारा द्यायचं काम मनाला कमी उरेल.

राहिलं लग्न. लग्नाच्या मांडवात हा विषय काढू नका, आणि कुणी काढला तर उठून या. त्याच्या आधी भाऊजींना एकदा भेटा. यजमान सोबत असू देत, जाऊबाई नकोत. खिडकीचं विचारू नका. 'त्या दिवशी तुमच्याकडे काय काय झालं, मला कधी नीट कळलंच नाही' एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. त्यांचं ऐकून झालं की तुमचा दिवस तुम्ही सांगा, मधे 'तुम्ही' हा शब्द न आणता: पाणी कुठवर आलं, लेक काय म्हणत होती, किती हाका मारल्या. त्यांनी ऐकून घेतलं तर लग्नाला जा. पुतणीवर तुमची माया आहे, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. त्यांनी हसण्यावारी नेलं किंवा वाद घातला, तर अक्षता टाकून, जेवायला न थांबता परत या, आणि त्याचं ओझं मनावर घेऊ नका. भेट घ्यायचीच हिंमत होत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, भाऊजी नंतर. लग्नाला अजून अवधी आहे असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यात निदान पहिल्या दोन-तीन भेटी होऊन जातील.